आण्णांसोबत रेड माउंटन: मोजून पाणी दिलेली वाईन

गाडीतून उतरल्या उतरल्या माझ्या वडिलांनी, आण्णांनी, रस्त्याकडेच्या करड्या झुडपाची एक डहाळी मोडली, तळव्यावर चोळली आणि माझ्या नाकापुढे धरली. "दवणा हाय बघ." खरोखरच चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर येतो तोच वास, जरा जास्त उग्र. सेजब्रश म्हणतात त्या झुडपाला. आपला दवणा आणि हे, दोन्ही आर्टेमिसिया घराण्यातले. चौदा वर्षं मी अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या सिॲटलजवळ राहते आणि रेड माउंटन या द्राक्षबागांच्या डोंगरावर चार वेळा येऊन गेले, पण तो वास कुठला हे मला कधी उमगलं नव्हतं. आता रेड माउंटनची कुठलीही वाईन नाकाशी नेली की आधी दवणा शोधते. बऱ्याचदा सापडतोही.

आम्ही तासगाव तालुक्यातले, सावळजकडचे. आण्णांनी पस्तीस वर्षं तीन एकर द्राक्षबाग केली. आधी थॉमसन आणि तास-ए-गणेश, नंतर माणिक चमन, निम्म्याहून जास्त माल बेदाण्याला. गळ्यात तुळशीची माळ आहे, त्यामुळे वाईन त्यांनी आयुष्यात चाखलेली नाही आणि या सहलीतही चाखली नाही. ते वेली बघायला आले होते. तेव्हा ग्लासातलं मत माझं आणि मातीतलं मत आण्णांचं, असं हे परीक्षण वाचावं. मला विचाराल तर दुसरं जास्त मोलाचं आहे.

सिॲटलहून बेंटन सिटी साधारण तीन तास. निघालो तेव्हा वायपर चालू होते. स्नोक्वाल्मी खिंडीपर्यंत दोन्ही बाजूंना ओलीगर्द सूचिपर्णी झाडं, खिंड उतरून एलेन्सबर्ग आलं की झाडं संपतात, आणि याकिमाच्या पुढे तर नुसते पिवळे उघडे डोंगर. आण्णा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हाबळेश्वर सोडून दहिवडीला आल्यागत वाटतंय." भूगोलाच्या पुस्तकातलं पर्जन्यछायेचं प्रकरण याहून थोडक्यात मला कुणी सांगितलेलं नाही. सह्याद्री जसा अरबी समुद्रावरचे ढग घाटमाथ्यावर रिकामे करून घेतो आणि माण-खटावला कोरडा वारा पाठवतो, तसंच कॅस्केड पर्वतरांग पॅसिफिकवरून येणाऱ्या ढगांचं करते. सिॲटलला वर्षाला सदतीस-अडतीस इंच पाऊस पडतो, रेड माउंटनवर पाच ते सात. मिलिमीटरमध्ये दीडशेच्या आसपास. ज्याला आपण दुष्काळी पट्टा म्हणतो त्या आमच्या भागातसुद्धा याच्या तिप्पट-चौपट पडतो. शिवाय इथला बहुतेक पाऊस आणि बर्फ हिवाळ्यात, वेली झोपलेल्या असताना. वेल जागी असते त्या काळात आभाळातून जवळजवळ काही येत नाही.

रेड माउंटन म्हणजे तांबडा डोंगर नव्हे, हे आधीच सांगते, नाहीतर नजर तांबडी माती शोधत राहते. वसंतात तिथलं रानगवत लालसर होतं, त्यावरून नाव पडलं. नैऋत्येकडे उतरणारा एक बेताचा डोंगर, चार हजार एकरांच्या आसपासचा पट्टा, २००१ मध्ये त्याला वेगळा द्राक्षप्रदेश म्हणून सरकारी मान्यता मिळाली. इथली पहिली लागण १९७५ ची, जॉन विल्यम्स आणि जिम होम्स या दोघांची. तेव्हा इथे रस्ता नव्हता, वीज नव्हती, पाणी नव्हतं. पाचशे फुटांहून खोल बोअर मारली तेव्हा पाणी लागलं. हे ऐकून आण्णांनी नुसती मान हलवली. २००३ च्या दुष्काळात आम्ही टँकरचं पाणी विकत घेऊन बाग जगवली होती. कोरड्या माळावर पहिली बोअर मारताना माणसाच्या पोटात काय होतं, ते त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या पहिल्या लागणीचीच वायनरी म्हणजे कायोना. पहिला मुक्काम तिथे केला आणि तुम्हीही तिथेच करा. चाखायच्या खोलीच्या मोठ्या काचांमधून थेट बाग दिसते. मी आधी लेम्बर्गर मागितली. हे मूळचं मध्य युरोपातलं, ऑस्ट्रियात ब्लाउफ्रँकिश म्हणतात ते काळं द्राक्ष. ते या खोऱ्यात रुजवण्यात वॉल्टर क्लोर यांचा मोठा वाटा. हे कृषिशास्त्रज्ञ १९३७ मध्ये प्रॉसरच्या संशोधन केंद्रात रुजू झाले आणि बाकीचे सफरचंद नि बटाट्यात गुंतलेले असताना त्यांनी शेकडो द्राक्षवाणांची लागवड करून पाहिली. अमेरिकेत लेम्बर्गर पहिल्यांदा बाटलीतून विकायला काढली ती कायोनानेच, १९८० च्या पिकाची. चव सांगायची तर पिकलेलं जांभूळ, मागून मिरी, आणि जिभेच्या कडांना रातांब्यासारखा स्वच्छ आंबटपणा. वजनाला हलकी, दुपारी पिण्यासारखी. महागड्या कॅबर्नेंच्या (हीसुद्धा काळ्या द्राक्षाची एक जात) रांगेत लोक तिला वगळतात. तसं करू नका. भाकरी-पिठल्याशी जमेल अशी तांबडी वाईन मला आजवर ही एकच सापडली आहे.

मग जुन्या वेलींची कॅबर्ने सोव्हिन्यो. तिच्याबद्दल सांगण्याआधी मला तुम्हाला बागेत न्यायचं आहे, कारण ग्लासात जे होतं त्याचं कारण बागेत होतं. त्या दुपारी डोंगरावरच्या दुसऱ्या एका छोट्या बागायतदाराकडे आधी वेळ ठरवून गेलो होतो. मी फोनवर सांगितलं होतं की वडील द्राक्ष उत्पादक आहेत. त्या गृहस्थांनी दीड तास दिला, आणि त्यातला सव्वा तास मी फक्त दुभाषी होते.

आण्णा पहिल्याच ओळीत खाली बसले. खोडाच्या बुडाशी माती उकरली, पुन्हा उकरली. "कलम कुठाय? खुंटच न्हाई हिथं?" आमच्याकडे डॉगरिज जातीच्या खुंटाशिवाय, म्हणजे ज्याच्यावर कलम बांधतात त्या मुळाच्या वेलीशिवाय, आता सहसा कुणी बाग लावत नाही, खारं पाणी, चुनखडी आणि पाण्याचा ताण, यापुढे साधी मुळी टिकत नाही. आणि इथे, आमच्यापेक्षा कोरड्या माळावर, वेल स्वतःच्या मुळांवर उभी. त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे फायलोक्झेरा ही मुळं खाणारी कीड. तिच्यामुळे जगभर कलमं करावी लागली, पण रेताड मातीत तिचा जम बसत नाही. वॉशिंग्टनमध्ये २०१९ पासून ती काही बागांत सापडू लागली आहे, म्हणून नव्या लागणीत कलमं शिरत आहेत. दुसरं कारण थंडी. इथे एखाद्या हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत जातो आणि जमिनीवरचं सगळं खोड मरतं. वेल स्वतःच्या मुळांवर असेल तर बुडातून फुटते ती त्याच जातीची फुटते. कलमी असेल तर खुंट फुटतो आणि बाग हातची जाते. म्हणूनच बऱ्याच वेलींना दोन-दोन खोडं ठेवलेली दिसतात, एक गेलं तर दुसरं असावं म्हणून. आण्णांनी हे दोनदा विचारून घेतलं आणि खिशातल्या वहीत लिहिलं.

माती मुठीत घेतली तर गव्हाच्या पिठासारखी बोटांतून गळते. वर वाऱ्याने आणून टाकलेला बारीक थर, त्याखाली वाळू आणि गोटे, मध्ये कुठे कुठे चुन्याचा पांढरा पापुद्रा. यातलं बहुतेक इथलं नाही, वाहून आलेलं आहे. साधारण अठरा ते पंधरा हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या शेवटी, हिमनदीने नदी अडवून मोंटानात प्रचंड तलाव साठला होता. बर्फाचा तो बांध पुन्हा पुन्हा फुटला, अनेक डझन वेळा, आणि दर वेळी पाण्याचा लोंढा या सगळ्या प्रदेशावरून गेला. पुढे वालूलाच्या अरुंद खिंडीत पाणी तुंबायचं, मागे फुगायचं, गाळ टाकायचं आणि ओसरायचं. जे हार्लन ब्रेट्झ या भूशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये हे मांडलं तेव्हा इतर तज्ज्ञांनी ते उडवून लावलं; अनेक दशकांनी ते खरं ठरलं. या सगळ्या गाळाखाली काय आहे? काळा फत्तर. लाव्ह्याचे थरावर थर, बेसॉल्ट. आपला दख्खनचा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, इथला बराचसा दीड-पावणेदोन कोटी वर्षांचा, पण दोन्हींची घडण एकच: भेगांतून उसळून मैलोन् मैल पसरलेला लाव्हा. सावळजच्या विहिरीतून निघालेला दगड आणि इथला दगड शेजारी ठेवले तर मला ओळखता येणार नाहीत.

आता माझी तक्रार. त्याच दिवशी आणखी एका ठिकाणी चाखायला गेलो. नाव देत नाही. इमारत देखणी, माणशी पंचवीस डॉलर, आणि ओतणारा तरुण मोठ्या विश्वासाने सांगत होता की या वाईनमध्ये बेसॉल्टची चव आहे, मुळं दगड पितात आणि दगड ग्लासात उतरतो. हे सांगणं मला पटत नाही, आणि शेतकऱ्याची मुलगी म्हणून ते लागतंही, कारण त्यात शेतकऱ्याने केलेलं सगळं काम गायब होतं. मुळं दगड खात नाहीत. पाण्यात विरघळलेली मूलद्रव्यं ती अगदी अल्प प्रमाणात घेतात आणि त्यांची चव आपल्या जिभेला कळण्याइतकी वाईनमध्ये नसते. माती चव घडवते ती पाण्याच्या वाटेने: किती पाणी धरते, किती लवकर सोडते, किती तापते, किती अन्न देते. त्या ठिकाणची वाईनही सगळी नव्या ओकच्या पिंपाने झाकलेली होती. व्हॅनिला आणि भाजलेलं लाकूड एवढंच लागलं. ना डोंगर लागला, ना दवणा.

छोट्या बागेत मात्र ते पाणी प्रत्यक्ष बघायला मिळालं. ड्रीपची नळी जमिनीवर नाही, गुडघ्याएवढ्या उंचीवर तारेला बांधलेली. मणी सेट झाल्यापासून मण्यात पाणी उतरेपर्यंत ते वेलीला मुद्दाम तहानलेली ठेवतात. शेंडा थांबला पाहिजे आणि मणी फुगता कामा नये, हा हिशेब. हे आण्णांना सांगताना मलाच कसंतरी झालं, कारण नेमक्या त्याच दिवसांत आमच्या घरी सगळ्यांची धडपड उलटी चाललेली असायची: जीएचं (मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडचं) डिपिंग, विरळणी, गर्डलिंग (सालीची गोल पट्टी काढणं), पाणी वाढवणं, मणी अठरा मिलिमीटरचा झालाच पाहिजे. इथला कॅबर्नेचा मणी जेमतेम करवंदाएवढा. आण्णांनी मालकाला विचारून तीन मणी तोंडात टाकले, साल दातांनी वेगळी करून चावली, बिया हातावर काढल्या. बिया तपकिरी झाल्या होत्या. "साल जाड हाय. रस थोडाच. पर गोड किती! चोवीस तर हाय." मालकांनी साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला. साडेतेवीस. दोघे एकमेकांकडे बघून हसले, आणि त्या क्षणी माझी दुभाषी म्हणून गरज नव्हती.

मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. तांबड्या वाईनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीतून येतो. त्यात इथला वारा. तो सतत वाहतो, पानं लहान ठेवतो आणि सालही जाड करतो. चुनखडीमुळे लोह वेलीला मिळत नाही, जोर कमी राहतो. तिथे पानांच्या शिरा हिरव्या नि मधला भाग पिवळा बघून आण्णांनी लगेच "फेरस कमी" म्हटलं. एकराला दोन-तीन, फार तर चार टन माल. आमच्याकडे दहा-बारा टन नाही निघाले तर वर्ष वाया गेलं म्हणतात.

आणि रात्री. सप्टेंबरचा मध्य, दुपारी बत्तीस-तेहतीस अंश होते, संध्याकाळी सातला मी शाल पांघरली, पहाटे अकरा. दिवसाच्या उन्हाने साखर भरते; रात्र गार पडली की आंबटपणा जळून जात नाही. शिवाय सेहेचाळीस अक्षांशावर जूनमध्ये जवळपास सोळा तास उजेड असतो. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आणखी वेगळं. इथे द्राक्ष पिकत जातं तशी थंडी वाढत जाते. आपल्याकडे नाशिकला वाईनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये काढतात, म्हणजे पिकत जातात तसं ऊन चढत जातं, आणि शेवटचे दोन आठवडे आंबटपणा वाचवायची घाई होते. आपल्या वेलीला झोप नाही. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळ छाटणी, वर्षभर हिरवी. इथली वेल नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत मेल्यासारखी झोपते. नाशिकच्या वाईनला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. तिथला शेनाँ ब्लाँ (पांढरी वाईन) मी आवडीने पिते. पण दोन्हींकडून एकाच चवीची अपेक्षा ठेवणं चुकीचं आहे, एवढं त्या डोंगरावर उभं राहिलं की कळतं.

आता कायोनाची ती जुन्या वेलींची कॅबर्ने. रंग जवळजवळ काळा. वासाला काळी मनुका, सुकलेलं तमालपत्र, चोळलेला दवणा. घोट घेतल्यावर तुरटपणा हिरड्यांना घट्ट धरतो, कच्च्या सुपारीसारखा, पण त्याखाली आंबटपणा जिवंत आहे म्हणून घोट जड होत नाही. ती सहा वर्षं जुनी होती आणि तरी मला वाटलं अजून चार थांबायला हवी होती. रेड माउंटनच्या कॅबर्नेबद्दल माझं हेच मत आहे: नवी बाटली घेऊन त्याच आठवड्यात उघडू नका. ती जाड साल, तो वारा, ते ऊन सगळं आधी तुरटपणा म्हणूनच समोर येतं. सात-आठ वर्षांनी तो मऊ होतो आणि फळ दिसायला लागतं. थांबायची तयारी नसेल तर मर्लो घ्या किंवा सिरा घ्या, या दोन्हीही काळ्या द्राक्षांच्याच वाईन.

सिरासाठी दुसऱ्या दिवशी वॉला वॉलाच्या दक्षिणेला गेलो, सव्वा तास. हद्द ओलांडून ऑरेगनमध्ये मिल्टन-फ्रीवॉटरजवळ एक पट्टा आहे, 'द रॉक्स'. २०१५ मध्ये त्याला मान्यता मिळाली, आणि त्याची सीमा जवळजवळ पूर्णपणे मातीच्या प्रकारावर आखलेली आहे. माती म्हणणं तसं कठीणच: नुसते गोटे. जुन्या नदीने पसरवलेले, मुठीएवढे ते कलिंगडाएवढे, काळे गुळगुळीत बेसॉल्टचे गोटे. क्रिस्तोफ बारोन नावाच्या फ्रेंच तरुणाने १९९७ मध्ये इथे वेली लावल्या तेव्हा लोकांना ते वेडेपण वाटलं होतं. पाऊस इथे रेड माउंटनपेक्षा दुप्पट, पण गोट्यांतून पाणी लगेच खाली जातं. गोटे दिवसभर तापतात. संध्याकाळी हात ठेवला तर तव्यासारखे नाही, पण नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखे ऊबदार. वेली त्यांच्या अगदी जवळ, बुटक्या ठेवतात, आणि हिवाळ्यात काड्या पुरतात.

इथली सिरा सगळ्यांना आवडणार नाही. फळापेक्षा ऑलिव्ह, धुरावर धरलेलं मटण, काळी मिरी, कधी कधी समुद्राकडचा खारटपणा. आंबटपणा कमी, घोट मऊ. शेजारी दुसऱ्या जमिनीवरची सिरा ठेवून प्यायले, तर डोळे मिटूनही फरक कळत होता. मी दोन बाटल्या घेतल्या, महाग पडल्या, पण पस्तावले नाही. आण्णा गोट्यांवर बसून होते. एक उचलून त्यांनी बराच वेळ हातात फिरवला. "आपलाच फत्तर," म्हणाले, आणि परत जिथल्या तिथे ठेवला.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा उत्तम, पण तोडणी चालू असते, बागेत फिरायचं तर आठवडाभर आधी फोन करा आणि कामाच्या मधे येऊ नका. दिवसाला तीन ठिकाणं पुरेत. टोपी आणि पाणी जवळ ठेवा, डोंगरावर सावली नाही. गाडी चालवणारा न पिणारा हवा. आमच्याकडे माळकरी होते पण त्यांना इथला परवाना नाही, त्यामुळे मी प्रत्येक घोट चाखून थुंकला, त्यासाठी ठेवलेलं भांडं असतं, संकोच करू नका.

घरी आल्यावर द रॉक्सची सिरा सुक्या मटणाबरोबर उघडली आणि जोडी फार छान जमली. रेड माउंटनची कॅबर्ने तांबड्या रश्शासोबत मात्र बिघडली. तिखट आणि तुरट एकत्र आले की दोन्ही कडू लागतात. तिला बेताच्या मसाल्याचं, तुपातलं काहीतरी द्या. जुन्या वेलींची एक बाटली मी जिन्याखालच्या गार कपाटात आडवी ठेवली आहे, चिठ्ठीवर २०३० लिहून. आण्णा आता सावळजला परतले आहेत. ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीत फोनवर एकच विचारलं: त्या दोन खोडांच्या वेलींना या हिवाळ्यात थंडी किती लागली, तेवढं कळव.